तो शब्द कोणाकोणाला माहीत होता

१२ फेब्रु. १९९६, सोमवार

रेनातोने आज जेवताना परत तोच वाद काढला. ज्या सॉफ्टवेअरच्या आत आपल्याला बघता येत नाही त्यावर विश्वास ठेवायचाच कसा. म्हणाला, "ज्या हॉटेलात स्वयंपाकघर दाखवत नाहीत तिथे मी जेवत नाही." पुढ्यात कॅफेटेरियाचं सूप होतं. मी सुपाकडे बोट दाखवलं. हसला आणि प्यायला.

ब्राझीलचा आहे, साओ पावलोचा. दिवाळीच्या सुमारास काँट्रॅक्टवर आला. टेबलाखाली एक जुना पीसी ठेवलाय आणि त्यावर इंटरनेटवरून उतरवलेली ती फुकटची सिस्टिम. सगळा कोड उघडा, कोणीही वाचावा. मला न विचारता नेटवर्कला काही जोडायचं नाही हा नियम मीच लिहिलेला. त्याने विचारलं होतं का? विचारलं होतं. मी "वुइ विल सी" म्हटलं. माझं ते "बघू" होतं, म्हणजे नाही. त्याने हो धरलं. त्यांच्याकडे बहुधा हो असतं.

अमेरिकन माणसाने दुसऱ्या दिवशी ई-मेल पाठवून विचारलं असतं: हो की नाही.

१५ फेब्रु., गुरुवार

दुपारी फ्रीमाँटहून लताताईचा फोन. चौदा एप्रिलची जयंती यंदा रविवारी येतेय, तिच्या गॅरेजमध्येच करू म्हणते. रे. (रेनातोला आता इथे इतकंच लिहीन) शेजारच्या क्युबिकलमधून ऐकत होता. ठेवल्यावर विचारतो, "फोन सुरू करताना आणि ठेवताना तू एकच शब्द म्हणतेस. काय आहे तो?" म्हटलं, हॅलोसारखं. हे खोटं नाही. पूर्ण खरंही नाही.

तो गेल्यावर लक्षात आलं की आज मी तो शब्द मोठ्याने म्हटला होता. कारण श्रीकांत मीटिंगला गेला होता. श्रीकांत दोन क्युबिकल पलीकडे, पुण्याचा, सज्जन माणूस, मिलिंदला "मिलिंदराव" म्हणतो आणि मला "वहिनी". तो जागेवर असला की माझं "जय भीम" आपोआप ओठांतल्या ओठांत जातं. म्हणजे ज्यांना कळत नाही त्यांच्यासमोर मोठ्याने, आणि ज्याला कळेल त्याच्यासमोर हळू. वय पंचेचाळीस, एम.एस्सी. गणित, आणि हे.

२० फेब्रु., मंगळवार

रे.कडून आजचं ज्ञान. त्यांच्या देशात कितीतरी वर्षं बाहेरून काँप्युटर आणायला बंदी होती. जे मिळेल ते उघडायचं, त्याची नक्कल करायची, चालवायचं. "आम्ही सगळं उघडून शिकलो. तुम्ही लोक मॅन्युअल वाचून शिकलात, म्हणून तुम्हाला उघडं यंत्र बघितलं की अंगावर कपडे नसल्यासारखं वाटतं."

"तुम्ही लोक" कोण? अमेरिकन, की मी?

शिवाय: अमेरिकन माणूस कुलपावर विश्वास ठेवतो, ब्राझीलचा माणूस दारावरच्या वॉचमनवर. वॉचमन ओळखत असला की कुलूप कशाला. आणि वॉचमन ओळखत नसला तर त्यावर एक "जेइतिन्यू" असतो. म्हणजे नियम मोडायचा नाही, पण बाजूने एक छोटी वाट काढायची, हसत. मी म्हटलं, ह्याला आमच्याकडे "जमवून घेणं" म्हणतात आणि ते ज्यांचे ओळखीचे असतात त्यांचंच जमतं. मग म्हणाला, "हो. आमच्याकडेही."

बोलताना खांद्यावर हात ठेवतो. मी एक पाऊल मागे. राग येतो असं नाही. पण हा एवढा मोकळा का, असं मनात येतंच. मोकळ्या माणसावर माझा लवकर विश्वास बसत नाही.

१ मार्च, शुक्रवार

रे.ने उद्योग केला. पासवर्ड ओळखणारा एक प्रोग्रॅम त्याच्या मशीनवर टीमभर चालवला. कोणालाही न विचारता. मग यादी छापून मलाच आणून दिली, खुशीत, मांजराने उंदीर आणून ठेवावा तशी. गॅरीचा पासवर्ड त्याच्या बोटीचं नाव. श्रीकांतचा गणपती. अर्ध्याहून जास्त टीम यादीत.

गॅरी म्हणजे आमचा मॅनेजर. त्याने एवढंच विचारलं, "डिड यू ऑथराइज धिस?" नाही. "ओके." ते "ओके" मला आवडलं नाही.

माझं नाव यादीत नव्हतं. रे.ला विचारलं, माझा नाही सापडला? सगळे तिथेच उभे होते. म्हणाला, "ताई, तुझ्या दाराला तर नावाची पाटी आहे." ("ताई" फोनवरून उचललंय.) मी क्युबिकलवरच्या पाटीकडे बघितलं. सगळे हसले, मीही. विनोद कळला नव्हता.

संध्याकाळी सगळ्यांना ई-मेल: नाव, गाव, कुत्र्याचं नाव, देवाचं नाव वापरू नका. सगळ्यांनी पासवर्ड बदलले. मी बदलला नाही. माझा सापडलाच नव्हता.

१८ मार्च, सोमवार

गॅरीने दार लावून बसवलं. काल दुपारी कोणीतरी बाहेरून मोडेमवर माझ्या नावाने आत आलं. गॅरीचं फोल्डर उघडलं, पुढच्या वर्षीच्या टीमचा आराखडा वाचला: कोण राहणार, कोण ऑस्टिनच्या ऑफिसला बदलून जाणार, कोणाचं काँट्रॅक्ट वाढणार. वाचलं आणि गेलं. काही पुसलं नाही.

काल दुपारी मी मुक्ताच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनात होते. गॅरी म्हणाला, तुझ्यावर संशय नाहीच. मग रे.बद्दल बरंच विचारलं. त्याचा स्वभाव कसा आहे. घरी कोण आहे. "कल्चरली, ही हॅज अ डिफरंट सेन्स ऑफ बाउंडरीज, राइट?"

मी "कदाचित" म्हटलं. हे मी म्हणायला नको होतं.

रे.चं काँट्रॅक्ट एप्रिलच्या मध्याला संपतंय. त्याच्या आत माझ्याकडून लेखी हवंय: माझा पासवर्ड कोणाला माहीत असू शकतो. मी काय लिहिते त्यावर त्याचं काँट्रॅक्ट, काँट्रॅक्टवर व्हिसा. बायको इथेच आहे, पोटुशी. हे गॅरीने नाही सांगितलं, मला माहीत आहे. तिने मला काजू घातलेला केक पाठवला होता.

२० मार्च, बुधवार

रे. जेवायला गेला असताना त्याच्या मशीनपाशी बसले. स्क्रीन उघडाच होता. उघडा होता म्हणून बघितलं, असं म्हणायला मला आवडेल. पण बंद असता तरी बघितलं असतं, तेवढा अधिकार मला आहे. अधिकार असणं आणि बघावंसं वाटणं ह्यात फरक आहे, तो मी आज केला नाही.

एक फाइल सापडली. रोमन अक्षरांत: ताई. आई. चहा. मुक्ता. बघू. अगं. ठेवते. आणि शेवटी, एका ओळीत, मधे जागा न सोडता, जय भीम.

तोच माझा पासवर्ड.

लिहून टाकते, आता काय राहिलंय. दोन वर्षं तोच होता. इंग्रजी डिक्शनरीत नाही, ह्या बिल्डिंगमध्ये कोणाला कळणार नाही, आणि मी कधी विसरणार नाही. लोकांना देवाचं नाव ठेवू नका म्हणून शिकवणारी मी.

हा माणूस महिनोन्‌महिने माझे फोन ऐकून शब्द गोळा करत होता. खांद्यावरचा हात, केक, "ताई", सगळं एकदम वेगळं दिसायला लागलं.

२१ मार्च, गुरुवार

त्याला खाली पार्किंग लॉटमध्ये नेलं आणि विचारलं. लपवलं नाही त्याने. मला ते जास्त जड गेलं.

"हो, फेब्रुवारीतच सापडला होता. मी सांगितलं की तुला."

"कधी?"

"सगळ्यांसमोर. दाराला नावाची पाटी आहे म्हणून. तू रोज तो शब्द म्हणतेस, ताई. पाटीच लावलीस की."

"सरळ का नाही सांगितलंस?"

खरोखर गोंधळला. "दहा लोकांसमोर? तू मोठी आहेस. तूच सगळ्यांना शिकवतेस. म्हणून यादीत घातला नाही. मला वाटलं, तुला कळलं. तू हसलीस."

मी हसले होते हे खरं आहे.

आमच्याकडेही मोठ्या माणसाची चूक चारचौघांत अशीच आडून सांगतात. नागपुरात असते तर मला त्याच क्षणी कळलं असतं. इथे येऊन मी सरळ बोललेलंच तेवढं ऐकायला शिकले आणि बाकीचं ऐकू येईनासं झालं.

रविवारी दुपारी कुठे होतास? सॅन होजेला, फुटबॉल खेळायला, ब्राझीलची पोरं जमतात. साक्षीदार त्याचेच मित्र. मग म्हणाला, "ज्याला चोरी करायची तो आधी पाटी दाखवेल का?" बरोबर वाटलं. गाडीत बसल्यावर वाटलं, हुशार माणूस नेमकं हेच करेल. आणि मग वाटलं, ह्या रीतीने विचार केला तर जगात कोणीच सुटणार नाही.

पासवर्ड बदलला. नवीन आठवत नाही, दर वेळी चुकतो.

२३ मार्च, शनिवार

मराठी मंडळाचा पाडवा, शाळेच्या हॉलमध्ये. जायचं नव्हतं. मिलिंद म्हणाला, श्रीखंड तरी खाऊ. मुक्ता आलीच नाही: "आई, दे जस्ट इंटरव्ह्यू यू." मी तिला रागावले. पण तिचं बरोबर निघालं.

नवीन आलेल्या एक काकू माझ्या ताटाशेजारी. आडनाव विचारलं. आमचं गावावरून पडलेलं, त्यातून काही हाती लागत नाही. "मूळचे कुठले?" नागपूर. "नागपुरात कुठे?" उत्तरेला. "म्हणजे नेमकं कुठे?" काँप्युटरवर तीनदा चुकलं की दार बंद होतं. इथे कितीही वेळा प्रयत्न करता येतो. इंदोरा म्हटलं, त्या वस्तीत कोण राहतं ते सगळ्यांना माहीत. काकू "हं, हं" म्हणाल्या आणि पुरीकडे वळल्या. आत आल्या, वाचलं, गेल्या. काही पुसलं नाही.

लिहायचं आहे ते हे नाही. हे:

निघताना श्रीकांत दारापाशी उभा होता, हातात मुलीचं जाकीट. इतक्या वर्षांत त्याने मला नमस्काराशिवाय काही म्हटलेलं नाही. आज इकडेतिकडे बघून, हळू आवाजात, "जय भीम, वहिनी."

मी काय उत्तर दिलं आठवत नाही. बहुतेक "नमस्कार" म्हटलं. हे आठवून आत्ता कान तापले.

२४ मार्च, रविवार

मिलिंदला सांगितलं. तो आमटीला फोडणी देत होता. "अगं, बिचाऱ्याने धीर करून म्हटलं असेल. किती वर्षं लागली असतील त्याला."

"आणि आठवड्यापूर्वी त्या शब्दाने कोणीतरी माझं खातं उघडलं, त्याचं काय?"

"म्हणजे तुला म्हणायचंय काय? नाही म्हटलं तर का म्हणत नाही, आणि म्हटलं तर का म्हटलं?"

त्याने गॅस बंद केला. म्हणाला, "तो ब्राझीलवाला परका आहे म्हणून तुला त्याच्यावर संशय घ्यायची लाज वाटते. श्रीकांतवर घ्यायची वाटत नाही."

हे बरोबर आहे का? रे.वर संशय आला तेव्हा मला गॅरीसारखं वाटलं, आणि ते वाईट वाटलं. श्रीकांतवर आला तेव्हा हक्काचं वाटलं. जुना हिशेब आहे, तो ह्या एका माणसाच्या नावावर घालता येतो का? त्याने मला कधी काही केलेलं नाही. आवाज खाली घेतला तो मी घेतला, त्याने सांगितलं नव्हतं.

पण ह्या बिल्डिंगमध्ये तो शब्द कळणारी माणसं दोन. एक मी. आणि श्रीकांतचं नाव आराखड्यात ऑस्टिनच्या यादीत आहे, तपासासाठी गॅरीने तो मला दाखवला. मुलीची शाळा, नुकतंच घेतलेलं घर. ज्याला आपलं काय होणार हे बघायचं असेल, तो.

रे.लाही बघायचंच असेल.

२ एप्रिल, मंगळवार

रे.चं मशीन गॅरीने काढून नेलं. "टेंपररिली." रे.ने स्वतःच वायरी गुंडाळून दिल्या. म्हणाला, "ह्यांना उघडं मशीन चालत नाही, आणि बंद दाराआड माझ्याबद्दल बोललेलं चालतं." माझ्याकडे न बघता म्हणाला.

कॉफीच्या मशीनपाशी श्रीकांत. "रिपोर्ट तुम्ही लिहिताय म्हणे, वहिनी."

"हो."

"कठीण काम आहे. आपण कोणाचं वाईट करू नये, पण." वाक्य तिथेच सोडलं. साखर घातली, ढवळत राहिला. मग, "तो पोरगा चांगला आहे हो. जरा आगाऊ आहे, बस."

चोर असता तर त्याने रे.चं नाव पुढे सरकवलं असतं. नसतं? की सज्जन दिसायचं असतं म्हणून? हे माझं काय चाललंय. माणसाची प्रत्येक चांगली गोष्ट उलटी करून शिवण बघतेय.

९ एप्रिल, मंगळवार

रिपोर्टचे तीन मसुदे फाडले.

पहिल्यात: रेनातोला माझा पासवर्ड माहीत होता, त्याने मला सूचना दिली होती, मला ती कळली नाही. सगळं खरं. गॅरी पहिलं वाक्य वाचेल आणि तिथेच थांबेल.

दुसऱ्यात रे.चं नावच नाही. ते खोटं.

तिसऱ्यात: पासवर्ड हा असा शब्द होता जो आणखी लोकांना माहीत असू शकतो. गॅरीचा पुढचा प्रश्न: कोणता शब्द, कोणते लोक. म्हणजे रे.ला वाचवायचं तर तो शब्द लिहायला हवा, आणि तो काय आहे हे सांगायला हवं. ऑफिसच्या कागदावर, इंग्रजीत. तो कागद टीममध्ये फिरणार. मग शुक्रवारच्या जेवणाला श्रीकांत कसा बघेल, मंडळात कोण काय बोलेल.

ह्याच्यासाठी भ्यायचं? बाबांनी इंदोऱ्यातल्या घराच्या दारावर तोच शब्द निळ्या रंगात लिहून घेतला होता, रस्त्यावरून दिसेल असा.

१४ एप्रिल, रविवार

जयंती, लताताईच्या गॅरेजमध्ये. मुलांनी फुगे लावलेले, खीर, मिसळ. मुक्ता इंग्रजीत भाषण करणार होती, ऐन वेळी मराठीत केलं, अडखळत. मला डोळे पुसावे लागले.

रे.ला बोलावलं होतं. येईल वाटलं नव्हतं. बायकोला घेऊन आला, ती आता चालताना कमरेवर हात ठेवते. दारातच उभा राहून, दोन्ही हात जोडून, मोठ्याने: "जय भीम." 'भीम'चं 'बीईम' केलं. अख्ख्या गॅरेजने उलट उत्तर दिलं. लताताई म्हणाली, "अगं, ह्याला कोणी शिकवलं?"

म्हटलं, ऐकून शिकला.

बराच वेळ मी खुर्च्या लावत राहिले. जो शब्द म्हणायचाच असतो, मोठ्याने, भेटेल त्याला, तो मी गुपित म्हणून वापरला. फक्त गुपित म्हणून. ह्या चुकीत काँप्युटरचं किती आणि बाकीचं किती, हे अजून नीट वेगळं करता येत नाही.

जाताना रे.च्या बायकोला खिरीचा डबा दिला. रे. म्हणाला, "मी त्या फोल्डरला हात लावला नाही, ताई." मी म्हटलं, माहीत आहे. मला माहीत नाही. माझा विश्वास आहे, हे वेगळं. निदान आज आहे.

१५ एप्रिल, सोमवार

सकाळी रिपोर्ट दिला. एक पान. शब्द लिहिला. अर्थ लिहिला: माझ्या समाजातली माणसं एकमेकांना असं अभिवादन करतात, महाराष्ट्रातल्या कोणालाही हा शब्द माहीत असतो, मी तो रोज फोनवर म्हणते, तो पासवर्ड ठेवणं ही माझी चूक. रेनातोने तो ओळखला आणि मला सावध केलं. सतरा मार्चला आत कोण आलं हे मला सांगता येत नाही. कोणाचंही नाव लिहिलं नाही. "महाराष्ट्रातल्या कोणालाही" एवढं लिहिल्यावर नाव लिहायची गरज होती का, हे मी लिहिताना स्वतःला विचारलं होतं. तरी ते वाक्य ठेवलं. त्याच्याशिवाय रे. सुटत नव्हता.

तीनच्या सुमारास गॅरी कागद घेऊन माझ्या क्युबिकलपाशी आला. सगळं वाचलं होतं. रे.चं काँट्रॅक्ट तो महिनाभर पुढे ढकलतोय, एवढंच म्हणाला. मग शब्दावर बोट ठेवलं. "हाउ डू यू से धिस?"

श्रीकांत जागेवर होता. कीबोर्डचा आवाज येत होता.

मी म्हटलं. जसं लताताईला म्हणते तसं.

कीबोर्ड थांबला.

गॅरीने स्वतः एकदा म्हणून बघितलं, बरं जमलं. मग विचारलं, "अँड हू एल्स हिअर वुड नो इट?"

म्हटलं, उद्या बोलू. तो गेला. कीबोर्ड परत सुरू व्हायची वाट बघितली, झाला नाही. की मीच उठून गेले, ते आता सांगता येत नाही.

साडेपाचला निघाले तेव्हा श्रीकांत अजून बसलेला होता, जाकीट घालून. त्याने मान वर केली आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मी थांबले. तो जे म्हणाला ते आज इथे लिहीत नाही.